१८४ परार्ध ग्रह आणि एक अंगण

ऑगस्ट २०१६. 'नो मॅन्स स्काय' हा गेम बाजारात येऊन जेमतेम एक-दोन दिवस झाले होते. दोन खेळाडूंना कळलं की आपण दोघंही एकाच ग्रहावर आहोत. दोघं आपापला खेळ इंटरनेटवर थेट दाखवत होते. त्यामुळे बघ्यांच्या साक्षीने त्यांनी एक ठिकाण ठरवलं आणि तिथे येऊन उभे राहिले. तीच इमारत, तोच दरवाजा. पण याच्या पडद्यावर तो नाही आणि त्याच्या पडद्यावर हा नाही.

मग व्हायचं ते झालं. हॅलो गेम्स ही इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची मूठभर लोकांची कंपनी. तिचा प्रमुख शॉन मरे मुलाखतींमध्ये सांगत आला होता की दोन खेळाडू भेटू शकतील, पण विश्व इतकं अफाट आहे की तशी वेळ येणं जवळजवळ अशक्य. अशक्य म्हणून सांगितलेली वेळ आल्या आल्या आली आणि भेट काही झाली नाही. लोकांनी पैसे परत मागितले, शिव्यांचा पाऊस पडला, ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या. (जाहिरातीत खोटं काही नव्हतं, असा निर्वाळा त्यांनी नोव्हेंबरात दिला. मुलाखती म्हणजे जाहिरात नव्हे.)

या घटनेनंतर चार आठवड्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, आपल्या घणसोलीत मुख्यालय असलेल्या जिओने सेवा सुरू केली आणि पहिले काही महिने डेटा फुकट वाटला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या वयाच्या वाचकाच्या डोक्यात 'गेम' या शब्दाचा अर्थ कसा ठरला, हे समजायला दुसरी तारीख उपयोगी पडते. आपण गेम शिकलो ते स्क्वाडमध्ये. चौघं चार घरांत, कानात इअरफोन, कोणीतरी ओरडतोय की मला उठवा. आपल्यासाठी मल्टिप्लेअर ही गेममधली एक सोय नसून गेम म्हणजेच मल्टिप्लेअर. एकट्याने खेळायचा गेम म्हणजे नेट गेल्यावर खेळायचा गेम. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' आणला. त्यात परका ग्रह आहे, भारतीय ढंगाचं भविष्य आहे, आणि उतरल्याबरोबर गर्दी आणि बंदुका. बॅटल रॉयलच तो, दुसरं काय असणार.

म्हणून अवकाशाच्या गेममध्ये एकटं असण्याला मोल आहे, हे आपल्याकडे आधी पटवून द्यावं लागतं. खरं तर पटवायची गरज पडू नये. हार्बर लाइनला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून वाशी ते सीएसएमटी जाणाऱ्या माणसाला, किंवा वन बीएचकेत हॉलमध्ये झोपणाऱ्या पोराला, एकांत म्हणजे काय हे कळतं. तो विकत मिळत नाही. कोणी विचारणार नाही, कोणी हाक मारणार नाही, अशा एका रिकाम्या ग्रहावर उभं राहून पाऊस बघायचा, हे या गेमने दिलं होतं. तक्रार करणाऱ्यांना ते रिकामेपण म्हणजे अपुरं काम वाटलं. बऱ्याच अंशी होतंही. पण सगळं नाही.

'नो मॅन्स स्काय'ची गोष्ट आता सिनेमासारखी सांगितली जाते: पडला, मान खाली घालून काम करत राहिला, एकामागून एक फुकट अपडेट दिले, २०१८ मध्ये 'नेक्स्ट'मधून खरा मल्टिप्लेअर आणला आणि जिंकला. खेळाडूंनी २०१९ मध्ये वर्गणी काढून कंपनीच्या ऑफिसजवळ आभाराचं होर्डिंग लावलं. स्टीमवरचा एकूण शेरा नोव्हेंबर २०२४ मध्ये 'व्हेरी पॉझिटिव्ह' झाला. या गोष्टीतला मेहनतीचा भाग मला मान्य आहे. मल्टिप्लेअर येणं म्हणजे गेम पूर्ण होणं, हा भाग मान्य नाही. काय वाटून घ्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न त्यात गिळला गेला आहे. आणि या गेमनेच त्याची दोन-तीन वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. त्यातलं सर्वात चांगलं उत्तर सर्वात कमी टिकलं.

त्यासाठी गेम आतून कसा चालतो ते थोडं पाहू. त्यात ग्रह आहेत दोनाचा चौसष्टावा घात इतके. मराठी मोजणीत एकं-दहं करत गेलं की शेवटी परार्ध येतो, एकावर सतरा शून्यं. तसे साधारण १८४ परार्ध. एवढे ग्रह कुठल्याही सर्व्हरवर साठवलेले नाहीत, साठवताच येणार नाहीत. प्रत्येक ग्रह एका आकड्यातून, गणिती सूत्राने, तुम्ही जवळ जाल तेव्हा तुमच्याच मशीनवर तयार होतो. पाठ फिरवली की जातो, परत आलात की तोच आकडा, तेच सूत्र, म्हणून तोच डोंगर. माझ्याकडेही तोच, तुमच्याकडेही तोच. दोघांना एकच जग दिसायला एकमेकांशी जोडलेलं असण्याची गरजच नाही. २०१६ मध्ये ते दोन खेळाडू 'एकाच ग्रहावर' होते ते या अर्थाने. म्हणजे एकाच पुस्तकाच्या एकाच पानावर असावं तसे.

मग तेव्हा सर्व्हरवर काय जात होतं? मुख्यतः नाव. ग्रहावर सर्वात आधी जो पोचेल त्याने त्याला नाव द्यायचं आणि पुढे कोणी तिथे आलं की ते नाव आणि शोधणाऱ्याचं नाव दिसायचं. बस, इतकंच. पण या एका धाग्याने गेमचा सगळा भाव बदलत होता. पन्नास ग्रह कोरे लागावेत आणि एकावन्नाव्यावर कोणाचं तरी नाव दिसावं. तो कोण, कुठला, कधी येऊन गेला, काही कळत नाही. तो भेटणार नाही. पण कोणीतरी इथे उभं राहून नाव काय ठेवावं याचा विचार केला होता. मी एका विषारी पावसाच्या, हिरवट धुक्याच्या ग्रहाचं नाव तळोजा ठेवलं आहे. कोणाला ते कधी दिसेल असं नाही आणि दिसलं तरी विनोद कळेल असं नाही.

इथे एक टोचणी आहे, ती बोलून टाकतो. गेम ज्याला 'शोध' म्हणतो त्या ग्रहावर आधीपासून गेक नाहीतर कॉर्व्हॅक्स राहत असतात. त्यांची दुकानं असतात, विमानतळासारखे तळ असतात. आपण उतरतो, त्यांच्याकडून सामान विकत घेतो आणि वर ग्रह आपण शोधला म्हणून नाव ठेवतो. नवी मुंबईत राहणाऱ्याला हे जरा जास्तच ओळखीचं वाटावं. १९७० मध्ये सिडको आली तेव्हा नकाशावर 'नोड' आखले गेले, सेक्टरना आकडे मिळाले. पण वाशी, तुर्भे, घणसोली, ऐरोली ही नावं त्याआधीच्या गावांची होती. ९५ गावांची जमीन त्यात गेली. विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये माणसं रस्त्यावर उतरली, ती उगाच नव्हे. नाव ही इथे हौसेची गोष्ट नाही. गेमने या बाजूने कधी विचार केलेला दिसत नाही, आणि नऊ-दहा वर्षांच्या अपडेटांत तो करायला जागा होती.

आता ते सर्वात चांगलं उत्तर. ऑगस्ट २०१७ मध्ये 'अॅटलस रायझेस' नावाचा अपडेट आला. त्यात पहिल्यांदा दुसरे खेळाडू दिसू लागले, सोळापर्यंत. पण दिसायचे ते माणसासारखे नाहीत. हवेत तरंगणारा प्रकाशाचा एक गोळा. जवळ गेलात तर आवाज ऐकू येणार. हात लावता येत नाही, वस्तू देता येत नाही, गोळी घालता येत नाही. त्याच अपडेटमध्ये नवीन कथानक होतं. त्यात अपोलो नावाचा एक प्रवासी रेडिओवर तुमच्याशी बोलतो. भेटायचं ठरतं. तुम्ही ठरल्या जागी जाता. तोही पोचल्याचं सांगतो. आणि दोघं एकाच जागी असून एकमेकांना दिसत नाहीत, कारण दोघांची वास्तवं वेगळी आहेत.

पहिल्या दिवशीची सगळ्यात मोठी नामुष्की लेखकांनी उचलून गेमच्या कथेच्या मध्यभागी ठेवली. ही नुसती चलाखी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. प्रत्येक खेळाडूचं विश्व वेगळं आहे, ती एकमेकांना फक्त चाटून जातात, ही तांत्रिक मर्यादा होती. तिला त्यांनी या जगाचा नियम करून टाकलं. गोळा म्हणजे दुसऱ्या वास्तवातून इथवर झिरपलेला माणूस. तो गोळा दिसला की छातीत जे होतं ते मला नंतरच्या कुठल्याच अपडेटमध्ये झालं नाही. कोणीतरी आहे, आणि तरीही मी एकटाच आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होती.

वर्षभरात 'नेक्स्ट' आला आणि गोळ्याला हातपाय फुटले. मित्रांबरोबर घर बांधा, मोहिमेवर जा. मग २०१९ चा 'बियाँड'. त्यात नेक्सस आला, म्हणजे एका मोठ्या यानाच्या पोटातला चौक. अनोळखी खेळाडूंची यानं येऊन टेकताहेत, कोणी नाचण्याच्या खुणा करतोय, कोणी येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट माल वाटतोय. आणि हे यान तुम्ही कुठल्याही तारकामंडळात बटण दाबून बोलावू शकता. इथे माझं भांडण आहे. आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला जायला दोन महिने लागले असतील, पण तिथेही रविवार संध्याकाळचं वाशीचं मॉल एका बटणावर आहे. मग टोक कशाला म्हणायचं? सेटिंगमध्ये जाऊन मल्टिप्लेअर बंद करता येतो, हे खरं. पण बंद केलेला मल्टिप्लेअर म्हणजे एकांत नव्हे, तो नुसता मिटलेला दरवाजा. बाहेर गलका आहे हे माहीत असतंच.

पुढे २०२१ पासून 'एक्स्पिडिशन' सुरू झाल्या, ठरावीक मुदतीच्या सामूहिक यात्रा. सगळे एकाच ग्रहावरून निघतात, वाटेत ठरलेल्या भेटीच्या जागा असतात. चालायचं आपलं आपण, मुक्काम सगळ्यांचा एक, असा वारीसारखा बेत. मला तो नेक्ससपेक्षा कितीतरी बरा वाटतो. मुक्कामाच्या जागी आधी येऊन गेलेल्यांची घरं आणि निरोपाच्या पाट्या दाटीवाटीने उभ्या असतात. स्वतः माणसं बहुतेक पुढे गेलेली असतात.

एकट्याच्या गेममध्ये इतरांना आणताना काय चुकू शकतं याचं ठळक उदाहरण मात्र दुसरीकडे आहे. 'मास इफेक्ट' ही पूर्णपणे एकट्याने खेळायची मालिका. तुमचे निर्णय, तुमचे साथीदार, तीन भागांत चाललेली तुमची गोष्ट. २०१२ च्या तिसऱ्या भागात मल्टिप्लेअर जोडला: चौघांनी मिळून शत्रूच्या लाटा परतवायच्या. तेवढ्यावर थांबले असते तर कोणाची हरकत नव्हती. पण त्यांनी एक 'सज्जतेचा टक्का' ठेवला. तो सुरुवातीला ५० असायचा, आणि तुम्ही एकट्याच्या कथेत जमवलेलं सगळं सैन्यबळ त्याने गुणलं जायचं. म्हणजे मल्टिप्लेअरला हात लावला नाही तर तुमची तीन भागांची कमाई निम्मी. आणि खेळलात तरी पुढे न खेळल्यास टक्का दिवसागणिक घसरणार. शेवट कसा होईल हे काही प्रमाणात या बेरजेवर ठरत होतं. जूनमधल्या 'एक्स्टेंडेड कट'ने अट सैल केली. २०२१ च्या नव्या आवृत्तीत मल्टिप्लेअर काढूनच टाकला आणि कोणाच्या कथेचं काही अडलं नाही. ती जोडणी गोष्टीच्या गरजेतून आलीच नव्हती, असं म्हणायला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

'एलिट'चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि जास्त मजेशीरही. मूळ 'एलिट' १९८४ चा, डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन पोरांनी बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेला. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, सगळे सूत्रातून निघालेले. 'नो मॅन्स स्काय'चा आजोबाच. तीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, ब्रेबनने 'एलिट डेंजरस' आणला. लोकवर्गणी गोळा करताना ऑफलाइन खेळता येईल असा शब्द दिला होता. प्रकाशनाच्या महिनाभर आधी तो मागे घेतला. बदल्यात 'सोलो' मोड दिला. त्यात दुसरं कोणी दिसत नाही, पण इंटरनेटशिवाय तो उघडतही नाही. कारण एकट्याने केलेला व्यापारही सगळ्यांच्या एकाच खातेवहीत लिहिला जातो आणि कुठल्या स्थानकावर कुठल्या गटाचं वजन वाढेल ते त्यावर हलतं. खातेवही सामाईक ठेवायची, माणसं दिसू द्यायची नाहीत, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण आपल्या घराची किल्ली कंपनीच्या खिशात, ही तिची किंमत होती आणि ती आधी सांगितलेली नव्हती.

याच गेममध्ये 'फ्युएल रॅट्स' तयार झाले. यानातलं इंधन संपलं की दिवे जातात आणि ऑक्सिजनचा काटा उलटा फिरायला लागतो. तुम्ही यांना हाक मारायची. मग कोणीतरी, अर्ध्या आकाशगंगेवरून, तुमच्यासाठी इंधन घेऊन येतो. फुकट. हा गट कंपनीने बनवलेला नाही, खेळाडूंनी बनवला. कंपनीने बनवली होती फक्त पोकळी, खरीखुरी, निर्दय. प्रत्येक ताऱ्याजवळ पेट्रोलपंप टाकला असता तर फ्युएल रॅट्स जन्माला आलेच नसते. आणखी एक बारकावा: सोलोत अडकलेल्याला वाचवायचं तर त्याला आधी सोलोतून बाहेर यावं लागतं. मदत हवी म्हणजे दिसायला तयार व्हायचं. हे कोणी मुद्दाम आखलं असेल असं वाटत नाही, पण यापेक्षा नेमका नियम मला सुचत नाही.

हे सगळं खेळताना मला सतत बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज आठवत राहतं. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली वसाहत. सात घरं आणि मध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण. अशी तीन अंगणं मिळून २१ घरांचं मोठं अंगण, १२ बाय १२. हे बहुतेकांना माहीत असतं, कारण फोटोत अंगणच येतं. कमी बोललं जातं ते असं की दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही. प्रत्येक घर आपल्या प्लॉटवर सुटं. का, तर पुढे पैसे आले, कुटुंब वाढलं, तर शेजाऱ्याची परवानगी न मागता खोली वाढवता यावी, मजला चढवता यावा. लोकांनी तसंच केलं. बरीच घरं आज मूळ आराखड्याच्या शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत. कोरियांनी अंगण वाटून दिलं, भिंत दिली नाही.

'मास इफेक्ट ३'ने भिंत सामाईक केली: शेजारी आला नाही तर तुमच्या घराचं छप्पर निम्मं. 'एलिट डेंजरस'ने अंगण छान आखलं, पण सगळ्यांच्या दारांना एकच कुलूप लावलं. 'नो मॅन्स स्काय'ने आधी नाव आणि गोळा यांचं अंगण केलं आणि मग त्यावर मॉल बांधला. २०१९ चा 'आउटर वाइल्ड्स' तर दुसरा खेळाडूच न आणता हे साधतो. तुमचे सहप्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर एकटे बसून आपापलं वाद्य वाजवत असतात, कोणी बँजो, कोणी बासरी, कोणी माउथऑर्गन. हातातलं यंत्र आकाशाकडे रोखलं की लांबून ते सूर ऐकू येतात आणि लक्षात येतं की सगळे एकच धून वाजवताहेत. त्या गेममध्ये मल्टिप्लेअर नाही. चाहत्यांनी हट्टाने तसा मॉड बनवला आहे. मी तो वापरणार नाही.

राहिला सर्व्हरचा प्रश्न, आणि तो आपल्या दाराशीच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे, ऐरोलीकडे गेलात की खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात. डेटा सेंटर. लोक ज्याला क्लाउड म्हणतात तो असा जमिनीवर, एमआयडीसीत, जनरेटर आणि कूलिंगच्या घरघरीसह उभा असतो. कुठल्या गेमचं काय कुठे ठेवलं आहे ते बाहेरून कळत नाही. पण सामाईक म्हणून जे काही असतं ते अशाच कुठल्यातरी इमारतीत असतं आणि कोणीतरी त्याचं बिल भरत असतं. बिल भरणं थांबलं की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मूळ 'डीमन्स सोल्स'चे सर्व्हर बंद झाले आणि खेळाडूंनी एकमेकांसाठी जमिनीवर लिहून ठेवलेले निरोप गेले. गेम मात्र एकट्याने खेळता येत राहिला. मार्च २०२४ अखेर 'द क्रू' बंद झाला तेव्हा तेवढंही उरलं नाही. बराचसा एकट्याने खेळता येणारा गाड्यांचा गेम, पण सर्व्हरशिवाय सुरूच होत नसल्याने विकत घेतलेल्यांच्या हातात काही राहिलं नाही.

'नो मॅन्स स्काय'चं तसं होणार नाही. तो नेटशिवाय चालतो. कधीतरी हॅलो गेम्स सर्व्हर बंद करील तेव्हा नेक्सस ओस पडेल, दुसऱ्यांची घरं दिसेनाशी होतील, मुक्कामावरच्या पाट्या जातील. १८४ परार्ध ग्रह जागच्या जागी राहतील, कारण ते कुठल्या इमारतीत नाहीतच, सूत्रात आहेत. माझा विषारी पावसाचा ग्रह तिथेच असेल, तेच हिरवट धुकं, तोच उतार. कोणी उतरलं तर त्याला मशीनने जुळवलेलं, उच्चारता न येणारं मूळ नाव दिसेल, आणि खाली सूचना येईल की हा ग्रह तुम्ही शोधला आहे.